ऐकण्याचा धडा आम्ही उशिरा गिरविला

स्मरणिकेसाठी वसतिगृहातील एखादी आठवण लिहून द्यावी, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. निकालांच्या, क्रीडास्पर्धांच्या आणि नव्या इमारतीच्या आठवणी इतर मंडळी लिहितीलच. आम्ही मात्र आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी लिहिण्याचे ठरविले आहे. कारण अधीक्षक म्हणून आम्ही जे काही थोडेफार शिकलो, ते त्या चुकीनेच शिकविले.

वर्षावासाचे दिवस होते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्याकडील विहारांत संध्याकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. तसे ते आपल्या सभागृहातही चालत असे, आणि वाचक आम्हीच होतो. त्या वर्षी पावसाने मोठा खंड दिला होता. सोयाबीन फुलावर असतानाच माना टाकीत होते. पोळा आठवड्यावर आला होता. अशा एका संध्याकाळी मानोरा तालुक्यातील सहावीचा एक मुलगा वाचनानंतर आमच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, ‘सर, बाबानं बैल इकले म्हन्ते.’

हजेरीपटावरून नजर न उचलता आम्ही म्हणालो, ‘चालायचेच. शेतकऱ्याच्या घरी असे प्रसंग येतात. तू अभ्यासाकडे लक्ष दे.’ दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला आणि तेच वाक्य बोलला. आम्ही त्याला बाबासाहेबांनी विद्यार्थिदशेत सोसलेल्या हालअपेष्टा सांगितल्या. तिसऱ्या दिवशी तो आला, थोडा वेळ उभा राहिला आणि काही न बोलता निघून गेला. आम्हाला वाटले, मुलगा सावरला.

चौथ्या दिवशी सकाळच्या हजेरीला तो नव्हता. शेत पाहिले, रस्ता पाहिला. विहिरीकडे आम्ही मुलांना जाऊ दिले नाही. आम्हीच काठावरून वाकून पाहिले. पाणी स्थिर होते. त्या काठावर उभे असताना आमच्या कानात त्याचे ते एकच वाक्य घुमत होते, आणि त्याच्या पुढचे वाक्य काय असावे, हे आम्हाला सांगता येत नव्हते.

दुपारी मंगरूळपीरच्या बसस्थानकावरून फोन आला. मुलगा विनातिकीट एसटीत चढला होता. कंडक्टरने त्याला वाटेत न उतरविता आपल्या शेजारी बसवून घेतले आणि कुठे चाललास म्हणून विचारले. मुलाने तेच सांगितले, बाबांनी बैल विकले. कंडक्टर म्हणाला, ‘मंग?’ आणि थांबला. ‘मंग वावर ठोक्यानं देतीन.’ ‘मंग?’ ‘मंग माय-बाबा पुण्याले कामाले जातीन.’ ‘मंग?’ ‘मंग घराले कुलूप लागीन. माही लहानी बहीण कुठी राहीन?’

आम्ही तीन संध्याकाळी जे ऐकू शकलो नाही, ते त्या गृहस्थांनी दोन थांब्यांच्या मधल्या वेळात ऐकले. आम्ही त्यांना घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी हा संवाद आम्हाला जसाच्या तसा सांगितला. त्यात आमच्याविषयी दोषाचा एक शब्दही नव्हता, आणि तेच आम्हाला अधिक लागले. पुढे मुलीची सोय मावशीकडे झाली आणि जूनमध्ये तिने आपल्याच शाळेत प्रवेश घेतला. बैल परत आले नाहीत. आई-वडील पुण्याला गेलेच. पण घराला कुलूप लागले तेव्हा बहीण कुठे आहे, हे त्या मुलाला ठाऊक होते.

नंतर आम्ही आमचीच उलटतपासणी केली. आम्ही त्या मुलाला हाकलले नव्हते, त्याच्यावर रागावलोही नव्हतो. आम्ही त्याला उत्तर दिले होते, आणि चूक तेथेच होती. त्याचे वाक्य संपण्यापूर्वी आमचा उपदेश तयार होता. दुसऱ्या दिवशी तर आम्ही त्याच्या दुःखासमोर बाबासाहेबांचे थोर दुःख ठेवले; त्यामुळे त्याला आपले दुःख बोलण्याइतके मोठे वाटेना. समोरच्याला गप्प करण्यासाठी दरडावावेच लागते असे नाही. अवेळी केलेला सदुपदेशही ते काम करतो.

आपल्या भाषेत ‘ऐकणे’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. ‘हा मुलगा ऐकत नाही’ असे पालक म्हणतात, तेव्हा त्यांना ‘सांगितलेले करीत नाही’ असे म्हणायचे असते. या दुसऱ्या अर्थामुळे ऐकणे हे धाकट्यांचे काम आणि सांगणे हे थोरांचे, अशी वाटणी आपण नकळत करून बसलो आहोत. तथागतांनी ही वाटणी मानली नाही. केसपुत्त येथील कालामांना त्यांनी सांगितले, की केवळ कानी आले म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका. ती स्वतः पारखा. म्हणजे ऐकणे आणि मान्य करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. मुलाचे म्हणणे पुरते ऐकले म्हणजे त्याचा हट्ट पुरविलाच पाहिजे, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

थोरांनी ऐकावे, याचा आदर्श आपल्या परंपरेत आहे. महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली संगीती भरली. तेथे अध्यक्षस्थानी असलेल्या महाकाश्यपांनी व्याख्यान दिले नाही. त्यांनी प्रश्न विचारले. विनयाविषयी त्यांनी उपालीला विचारले आणि धम्माविषयी आनंदाला. उपाली हा न्हावी कुळातला. त्याचे सांगणे पाचशे अर्हत ऐकत होते. शिष्यासाठी पाली भाषेत ‘सावक’ हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थच ‘ऐकणारा’ असा आहे.

ऐकणारे किती प्रकारचे असतात, हे अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात सांगितले आहे. एक पालथ्या घड्यासारखा; त्यावर कितीही पाणी ओता, आत काही जात नाही. दुसऱ्याच्या मांडीवर तीळ, तांदूळ, बोरे ठेवलेली असतात. बसला आहे तोवर ती राहतात आणि उठताच सांडतात. तिसरा उताण्या घड्यासारखा, ओतलेले धरून ठेवणारा. आम्ही स्वतःला तिसरा समजत होतो. त्या मुलापुरते आम्ही पालथा घडा ठरलो.

खरे उताणे घडे आम्ही गावोगावच्या विहारांत पाहिले आहेत. वर्षावासात पांढरी लुगडी नेसून येणाऱ्या, अक्षर न शिकलेल्या वृद्ध माता काल वाचन कुठवर आले होते हे वाचणाऱ्याच्या आधी सांगतात. दिवसभर निंदणाला जाऊन आलेल्या त्या बाया संध्याकाळी तासभर हात स्थिर ठेवून बसतात. ऐकण्यासाठी शिक्षण लागत नाही, हे त्यांनी आम्हाला दाखविले. लागते ते, समोरचा बोलत असताना आपले सारे बाजूला ठेवण्याचे औदार्य.

त्या प्रसंगानंतर आम्ही वसतिगृहात तीन साधे नियम केले. मूल बोलायला आले की हजेरीपट मिटवायचा. त्याचे बोलणे थांबले तरी लगेच आपले सुरू करायचे नाही, ‘मंग?’ म्हणायचे आणि वाट पाहायची. शेवटी ‘तुला असे म्हणायचे आहे ना?’ असे विचारून त्याच्याकडून होकार घ्यायचा, मगच आपले मत सांगायचे. मुलांची भांडणे सोडवितानाही हाच क्रम ठेवला. एकाचे म्हणणे दुसऱ्याने आपल्या शब्दांत सांगावे, पहिल्याने ‘बरोबर’ म्हणावे आणि मग दुसऱ्याने आपली बाजू मांडावी. यात वेळ जातो. कधी ऐकूनही आमच्या हातात काही नसते. कधी मुले खोटेही बोलतात. पण खोटे बोलणारे मूलसुद्धा दोन-तीनदा ‘मंग?’ म्हटल्यावर बहुधा खऱ्यापाशी येते.

पालकांना एक विनंती. महिन्याच्या रविवारी आपण डबा घेऊन येता, लिंबाखाली लेकराला जेवू घालता आणि पहिला प्रश्न गुणांचा विचारता. पुढच्या वेळी आधी त्याला बोलू द्या. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज शिक्षक आहेत, कचेऱ्यांत आहेत, टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसलेले आहेत. त्यांना आठवण द्यावीशी वाटते, की बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी पाक्षिक सुरू केले तेव्हा त्याचे नाव ‘मूकनायक’ ठेवले. आपले आजे-पणजे मुके नव्हते. ते बोलत होते, पण टेबलापलीकडे ऐकणारे कोणी नव्हते. आता टेबल आपल्याकडे आले आहे. आपल्यासमोर कोणी एकच वाक्य घेऊन उभा राहिला, तर त्याच्या मागे आणखी तीन वाक्ये उभी असतील, एवढे ध्यानात असू द्यावे.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. मागच्या बुद्धपौर्णिमेला भेटायला आला आणि बराच वेळ बसला. आम्ही फारसे बोललो नाही. सर्वांना सविनय जय भीम, नमो बुद्धाय.