बांबूचा ताळेबंद आणि मी वेडी!

आधीच सांगून टाकते, मला जंगलातलं काहीही कळत नाही. साग कुठला आणि ऐन कुठला विचारलंत तर मी हसून विषय बदलेन. मी पुण्याच्या एका कॉलेजात अकाउंट्स शिकवते. डेबिट, क्रेडिट, घसारा, संपला विषय! पण आत्ता मी गडचिरोलीत एका खोलीत पाय आखडून बसलेय, बाहेर माझी मुलं आरडाओरडा करतायत आणि मला हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही. तेव्हा तुम्ही सापडलात. चला!

शेजारच्या तुकडीची सहल सिंगापूरला गेली. आमच्या टी.वाय. बी.कॉम.ची गडचिरोलीला! पालकांचे फोनवर फोन. "मॅडम, तिकडेच का?" का ते मलाही नीटसं माहीत नव्हतं. एवढंच ऐकलं होतं, की तिथं एक गाव आहे आणि ते गाव स्वतःचे हिशेब स्वतः ठेवतं. हिशेब म्हटलं की माझे कान टवकारतात, त्याला काय करणार!

चंद्रपूरला उतरलो तर स्टेशनाच्या भिंतीवर वाघ! रंगवलेला, पण केवढा! मुलं सामान टाकून फोटो काढायला पळाली, आणि मग शहरात शिरलो तर जटपुरा गेट, म्हणजे गोंड राजांच्या परकोटाचा खराखुरा दरवाजा, आणि त्याच्याखालून रिक्षा, स्कूटर, शाळेची मुलं आपली रोजच्यासारखी चाललेली, आणि मग बस मूल, सावली, व्याहाड करत निघाली, दोन्ही बाजूंना धानाची कापलेली शेतं, आणि मग एकदम वैनगंगा! अहो, केवढं ते पात्र! पुलाच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. पासपोर्ट कुणी मागितला नाही, पण बसमधल्या माझ्या सगळ्या पोरांचे चेहरे इमिग्रेशनच्या रांगेत उभं असल्यासारखे झाले होते.

आणि मग मेंढा! धानोरा तालुक्यातलं, लेखा गावाला लागून, म्हणून मेंढा-लेखा म्हणतात. शंभरेक घरांचं गोंडांचं गाव. अंगणं इतकी स्वच्छ सारवलेली, की आमच्यातल्या एकानं आपण होऊन चपला काढल्या! "जय सेवा" म्हणून स्वागत झालं. "बसा न जी!" बसलो. जमिनीवर, सगळे गोल. खुर्ची नाही, माईक नाही, सत्कार नाही! आमच्या प्रतिनिधीनं (तो निवडणूक लढवून निवडून आलाय, त्यामुळे जरा ऐटीत असतो) विचारलं, इथले प्रमुख कोण? समोरच्या आजोबांनी हातानं अख्खं वर्तुळ दाखवलं. बास! या गावाची घोषणाच तशी आहे: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.

आता ऐका. इथं निर्णय बहुमतानं होत नाही. मतदान नाहीच! सर्वसहमती. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो. मग पुन्हा बोलायचं. मग पुन्हा. आणि सभेच्या आधी अभ्यासगट! म्हणजे एखाद्या विषयावर, कायद्यावर, कागदावर मंडळी मुद्दाम बसतात, बाहेरचा कुणी जाणकार असेल तर त्यालाही बोलावतात, समजून घेतात, आणि ठरवायचं मात्र ग्रामसभेत, गावानंच. ही सगळी रीत देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं बसून-बोलून घडवलेली. गाव अभ्यास करतं, हो! परीक्षा नसताना! मी माझ्या मुलांकडे असं काही पाहिलं, की तिघांनी मान खाली घातली.

आणि मग बांबू! इथून पुढे मी थोडी वेड्यासारखी बोलणार आहे, सांभाळून घ्या. 2006 चा वनहक्क कायदा आला आणि 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्या-पहिल्यांत! छान. मग गाव म्हणालं, आता आमचा बांबू आम्ही विकतो. तर अडलं कुठे? बांबू गवत की झाड! हसू नका, अख्खा वाद यावर! शास्त्राच्या दृष्टीनं गवत. वनहक्क कायद्यानं तो गौण वनोपज, म्हणजे गावाचा. पण 1927 च्या भारतीय वन कायद्यात तो झाडांमध्ये मोजलेला, आणि झाड म्हटलं की वाहतुकीचा परवाना, आणि परवाना द्यायचा वनखात्यानं. म्हणजे माल तुमचा, पण गावाबाहेर न्यायचा कसा? आणि मग 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक थेट ग्रामसभेच्या हातात! परवाना देणारं गावच! आणि जुन्या कायद्यातून बांबू झाडांच्या यादीबाहेर पडला कधी, तर 2017 ला. सहा वर्षं आधी हे गाव पुढे निघून गेलेलं!

माझा आनंद वेगळ्याच ठिकाणी फुटला. ग्रामसभेकडे पॅन क्रमांक आहे! ग्रामसभेचा स्वतःचा पॅन! मी टाळ्या वाजवल्या. एकटीनंच. बांबूसाठी निविदा, बँकेत खातं, तोडणाऱ्यांची मजुरी, ग्रामकोष, वह्या, पावत्या! कुणाला वाटेल ही काय नाचायची गोष्ट? अहो, मी वर्गात घसा कोरडा करून सांगते की संस्थेचं अस्तित्व तिच्या सभासदांपासून वेगळं असतं, आणि मुलं खिडकीबाहेर बघतात. इथं तेच वाक्य वहीच्या रूपानं मांडीवर घेऊन एक बाई पानं उलटत बसलेली, आणि माझी सगळी पोरं तिच्या खांद्यावरून वाकून बघतायत! माझ्या तासाला कधी वाकली नाहीत.

मग जंगलात. एक दादा पुढे. बांबूच्या बेटाशी थांबून म्हणाले, यातला कोणता तोडायचा, सांगा! आम्ही अर्थातच सगळ्यात हिरवा, टवटवीत, देखणा दाखवला. नाही! तो कोवळा, यंदाचा, त्याच्या पेरांवर अजून पापुद्रे चिकटलेले, त्याला हात लावायचा नाही. जुना, पक्का झालेला काढायचा, तोही बेट मोकळं राहील असा. पावसाळ्यात खालून वास्ते फुटतात, तेच पुढचे बांबू. आमची टॅक्समध्ये पहिली येणारी मुलगी एकदम ओरडली, "मॅडम, म्हणजे भांडवलाला हात लावायचा नाही, फक्त उत्पन्न खायचं!" जंगलात! आपण होऊन! मला वाटलं आता मी रडणार.

आणि रात्री भात, लाखोळीची डाळ आणि जवसाची चटणी खाताना (चटणी! तिच्यावर वेगळा लेख लागेल!) माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. 2009! त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, अर्थशास्त्रातल्या पहिल्या महिला! कशासाठी? सामाईक कुरणं, जंगलं, पाणी लोक एकत्र येऊन, आपले नियम आपण करून नीट सांभाळू शकतात, हे दाखवल्याबद्दल. त्याआधी 1968 मध्ये गॅरेट हार्डिन यांनी लिहून ठेवलेलं, की जे सगळ्यांचं असतं त्याची शेवटी नासाडीच होते. हे दोघं मी दर वर्षी फळ्यावर समोरासमोर लिहिते आणि पुसते. एकाच वर्षी तिकडे स्टॉकहोममध्ये पारितोषिक आणि इकडे धानोरा तालुक्यात हक्काचा कागद! याचा एकमेकांशी संबंध नाही, मला ठाऊक आहे. पण तुम्हीच सांगा, अंगावर काटा येतो की नाही? मी जेवणाच्या पंगतीतच उभी राहून हे जाहीर केलं. मुलं म्हणाली, मॅडम, भात गार होतोय.

तर आत्ताचा प्रसंग. उद्या कुठे जायचं? एक गट म्हणतो मार्कंडा, तिथं वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि काठावर जुनी दगडी मंदिरं. दुसरा म्हणतो भामरागड, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांचा हेमलकसाचा लोकबिरादरी प्रकल्प, 1973 पासूनचा. मी म्हटलं, हात वर करा, मोजू. तर सगळे एकसुरात: "बहुमत नाही, मॅडम! सर्वसहमती!" तेव्हापासून बाहेर सभा चालू आहे. गोल करून बसलेत. अभ्यासगटसुद्धा नेमलाय, तो ड्रायव्हरकाकांकडून डिझेलचा खर्च काढून आला. सगळे भामरागडला राजी झाले, फक्त मागच्या बाकावर बसणारा तो एकटा नाही म्हणतोय, आणि त्याला कुणी गप्प बसवू शकत नाही, कारण नियमच तसा! वर्षभर वर्गात तोंड न उघडलेला मुलगा गेला तासभर बोलतोय, आणि मुद्द्याचं बोलतोय! काकांनी दोनदा विचारलं, पहाटे गाडी कुठं न्यायची? मी म्हटलं, ठरलं की कळवते. थांबा हं, मलाही बाहेर बोलावतायत. माझीही सहमती लागते म्हणे!