जिथे मालक स्वतःचा कप विसळतो

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला मेलबर्नच्या आग्नेयेचं डँडेनाँग परकं वाटत नाही. तेच पत्र्याचे शेड, तोच कूलंटचा वास, मागे सरकणाऱ्या फोर्कलिफ्टची तीच पीं-पीं. वेगळेपण समजलं ते चहाच्या वेळी. पंपांच्या कास्टिंगसाठी ज्या कंपनीशी आमचं बोलणं चाललं होतं, तिच्या मालकानं मला दूध-साखर किती ते विचारलं आणि उठून स्वतः किटली लावली. शेजारी लेथवरचा ऑपरेटर आपला मग भरून घेत होता. त्यानं मालकाला नुसत्या नावानं हाक मारून दुधाची बाटली मागितली, मालकानं ती दिली. चहा झाल्यावर मालकानं कप विसळला, फडक्यानं पुसला, खुंटीला अडकवला. कोणी वळूनही पाहिलं नाही. आमच्याकडे टेबलावर बेल असते आणि किटली घेऊन येणारा पोरगा असतो. इथे असा पोरगाच नव्हता.

साहेब, सर, मालक या हाका त्या मुलखात चालत नाहीत. पहिल्या भेटीत हात मिळवायचा, स्वतःचं पहिलं नाव सांगायचं, पुढचं सगळं त्या नावानंच. आपला टर्नओव्हर, आपली मशिनरी, आपली ओळखपाळख मोठ्या आवाजात सांगणाऱ्याकडे लोक जरा सावधपणेच बघतात. एकट्यानं टॅक्सी केली तर पुष्कळ जण ड्रायव्हरच्या शेजारी बसतात, मागच्या सीटवर ऐसपैस रेलत नाहीत. शुक्रवारी काम सुटल्यावर सगळे पबमध्ये जातात, तिथे ज्याची पाळी त्यानं सगळ्यांचे ग्लास भरायचे. न पिणाऱ्यानं खुशाल लिंबाचं सरबत घ्यावं, त्याला कोणी आग्रह करत नाही. मात्र आपली पाळी चुकवू नये. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जेवणानंतर आपल्याकडे बिलासाठी जी ओढाओढ होते, ती तिथे केली तर समोरचा अवघडतो.

खरा धक्का मीटिंगमध्ये होता. आमचा नमुना टेबलावर ठेवला होता. मालक, क्वालिटीच्या प्रमुख बाई आणि मशीनवर काम करणारा तो ऑपरेटर, तिघं एकाच रांगेत बसलेले. ऑपरेटरनं कास्टिंग उचललं, फ्लँजच्या कडेला अंगठा फिरवला आणि थेट सांगितलं, इथे आत हवेची भोकं, ब्लो होल आहेत, फेस मारला की उघडे पडतील, हे चालायचं नाही. मालकानं त्याला गप्प केलं नाही, माझी समजूतही काढली नाही. त्यानं फक्त मला विचारलं, दुरुस्त करून कधी देणार?

आमच्या उद्यमनगरात या प्रश्नाला ठरलेलं उत्तर आहे: देतो की, काळजी करू नका. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून आपण असं बोलतो, आणि त्यालाही ते ठाऊक असतं. तिथे बोललेला शब्द तारीख म्हणून वहीत उतरतो. मी कारखान्यात विचारून नेलेली खरी मुदत सांगितली, पॅटर्नचं गेटिंग बदलून आठ आठवडे. ती ऐकून त्यांच्यापैकी कोणी तोंड वाकडं केलं नाही. उशीर त्यांना खपतो, पण तो आधी कळावा लागतो. ऑस्ट्रेलियन माणसाशी व्यवहार करू पाहणाऱ्या कोल्हापूरकरानं ही एक गोष्ट शिकली तरी पुष्कळ आहे. आणि त्यांनी ‘वाईट नाही’ म्हटलं तर खट्टू होऊ नये, ती चांगली दाद असते.

वेळेचं गणितही आधीच पक्कं करावं. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास असतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच. कारखाने सकाळी सातच्या सुमारास सुरू होतात आणि साडेतीनला पार्किंग रिकामं होतं. म्हणजे आपण दहा वाजता ऑफिस उघडून फोन लावेपर्यंत त्यांची घरी जायची तयारी चाललेली. संध्याकाळी पाचचा फोन तर त्यांच्या रात्री साडेनऊला वाजणार. कामाच्या वेळेबाहेर आलेला फोन न उचलण्याचा हक्क, तो नकार अवाजवी नसेल तोवर, तिथल्या नोकरदाराला कायद्यानंच आहे. मोठ्या आस्थापनांत तो 26 ऑगस्ट 2024 पासून लागू झाला आणि वर्षभरानं छोट्यांनाही.

ही बरोबरी आणि वेळेची ही शिस्त आली कुठून, याचा शोध मला मेलबर्न शहरातच लागला. रसेल स्ट्रीट आणि व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक उंच स्तंभ आहे, माथ्यावर तीन आठ कोरलेले. 21 एप्रिल 1856 ला विद्यापीठाच्या इमारतीवर काम करणाऱ्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवली आणि पार्लमेंटवर मोर्चा नेला. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःसाठी, एवढंच मागणं होतं, आणि पगार न कापता ते त्यांनी मिळवलं. त्या स्तंभाखाली मी बराच वेळ थांबलो. कोल्हापूरचा उद्योगही हातानं काम करणाऱ्यांनीच उभा केला. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार ही माणसं हत्यार हातात धरून मोठी झाली. आणि समतेचा चहा आम्हाला नवा नाही: अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलसमोर गाडी थांबवून शाहू महाराज चहा घेत, तेव्हा सारं शहर बघत असे. पण आमच्याकडे तो धडा गादीवरच्या माणसानं घालून दिला, तिथे तो पाथरवटांनी हिसकावून घेतला. म्हणून तिथे तो मालकाच्या मर्जीवर राहिला नाही, असं मला वाटतं. सुरक्षेच्या नियमाचंही तसंच. फेटलिंगला, कास्टिंग घासताना, गॉगल गळ्यात लटकवून ग्राइंडर चालवणारी आमची पोरं मला तिथे फार आठवली. डँडेनाँगच्या त्या शेडमध्ये मालक गॉगलशिवाय पिवळ्या रेषेपलीकडे जाऊ लागला, तर सुपरवायझर त्याला सगळ्यांदेखत अडवतो. मी ते पाहिलं.

याच समतेची दुसरी बाजूही सांगायला हवी. आठ तास मिळवणाऱ्या त्या कामगार चळवळीनंच पुढे गोऱ्यांखेरीज कोणी नको अशी मागणी लावून धरली, 1901 मध्ये तसा कायदा झाला आणि ते धोरण पुरतं मोडायला 1973 उजाडलं. मूळ रहिवाशांचं तर त्याहून कठीण. त्यांना जनगणनेत मोजायचं, हे 1967 च्या सार्वमतानं ठरलं.

आमची मीटिंग सुरू होण्यापूर्वी क्वालिटीच्या बाईंनी दोन वाक्यं म्हटली होती: ही भूमी मूळच्या बुनुराँग लोकांची, त्यांच्या वडीलधाऱ्यांना आमचा आदर. नट-बोल्ट आणि टॉलरन्सच्या चर्चेआधी हे ऐकून मी चकितच झालो. तिथे ही प्रथा सरकारी सभांपासून कारखान्यांपर्यंत रुळली आहे. अशा वेळी फोन खाली ठेवावा, चुळबुळ करू नये. आणि 14 ऑक्टोबर 2023 च्या सार्वमताचा विषय पाहुण्यानं आपण होऊन काढू नये. मूळ रहिवाशांना संसदेपुढे बोलणारी स्वतःची समिती राज्यघटनेतून द्यावी हा प्रस्ताव त्या दिवशी सहाही राज्यांनी नाकारला.

मी तो विषय काढला नव्हता. जेवायला बसल्यावर त्यांनीच काढला. बाईंनी होकाराचं मत दिलं होतं, ऑपरेटरनं नकाराचं. मालकानं आपलं मत सांगितलं, तर ऑपरेटरनं तेही खोडून काढलं. आवाज चढले, टेबलावर हात आपटले गेले, मालक म्हणून कोणी त्याला झुकतं माप दिलं नाही. एकाकडची व्हिनेगरची बाटली दुसऱ्याकडे जात होती आणि भांडण चालूच होतं. एक वाजता भोंगा झाला तेव्हा वाद अर्धवट होता; तिघंही उठले आणि माझं ब्लो होलवालं कास्टिंग कापून बघायला बँडसॉकडे गेले.