सरांचं ‘आठ एमबी’

‘आठ एमबी’ हे दोन शब्द सरांच्या तोंडून निघाले की मीटिंगमधले निम्मे लोक कॅमेरा बंद करायचे. पुढचं भाषण सगळ्यांना पाठ होतं. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, मोबाइल. चार रकान्यांचा फॉर्म. तो उघडायला आपण माणसाला आठ एमबी डाउनलोड करायला लावतो, आणि मग लोक अर्ध्यातून का निघून जातात हे शोधायला आणखी एक डॅशबोर्ड बनवतो.

सर आमच्या टीममधले सगळ्यात जुने इंजिनिअर. १९९९ साली नोकरीला लागले, म्हणजे मी तेव्हा रांगत असेन. आमची कंपनी पुण्यातली. कर्ज देणाऱ्या कंपन्यांना ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी जे फॉर्म लागतात, ते आम्ही बनवतो. मी झरी जामणी तालुक्यातल्या माझ्या गावातून काम करते. पहिल्या दिवशी कॉलवर सरांनी विचारलं, “गाव कोणतं?” मी म्हटलं, यवतमाळ जिल्हा. असं सांगून सुटका होते हा अनुभव. पण ते म्हणाले, “यवतमाळात कुठं?” मग झरी, मग मुकुटबनच्या पलीकडे, असं करत करत मी गावापर्यंत पोहोचले, तेव्हा ते एकदम वऱ्हाडीत म्हणाले, “मंग तिथं रेंज कुठं भेटते तुले?” सर मूळचे वणीचे निघाले. वडील कोळसा खाणीत होते.

त्या दिवसापासून त्यांची चिडचिड ऐकून घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

त्यांची पहिली नोकरी वायटूकेच्या कामावर होती. माझ्या वयाच्या लोकांना हे प्रकरण दंतकथेसारखं वाटतं, म्हणून थोडक्यात सांगते. जुन्या काळी कॉम्प्युटरची मेमरी इतकी महाग होती की वर्ष लिहिताना चारऐवजी दोनच आकडे ठेवायचे. १९७५ म्हणजे ७५. मग ९९ नंतर ००. हे शून्य-शून्य म्हणजे २००० की १९००, हे मशीनला कसं कळणार? बँका, विमा, पगार, सगळीकडे तारखांचे हिशेब. जगभरातलं हे काम मोठ्या प्रमाणावर भारतीय कंपन्यांकडे आलं. सर रोज कोबॉलच्या हजारो ओळी वाचायचे, तारीख कुठे लपलीय ते शोधायचे आणि दुरुस्त करायचे. ३१ डिसेंबर १९९९च्या रात्री सगळी टीम ऑफिसात बसून होती. बारा वाजले. काहीही झालं नाही.

“काहीच झालं नाही, हाच आमच्या कामाचा पुरावा होता,” सर सांगायचे. “आता अप्रेझलला लिहून बघ. ‘या वर्षी माझ्यामुळे काहीच झालं नाही.’ किती टक्के वाढ देतात बघू.”

मी त्यांना चिडवायचे की तो सगळा गोंधळ तुमच्याच आधीच्या पिढीच्या कंजुषीनं झाला होता. दोन बाइट वाचवायला गेले आणि जगाला घाम फोडला. आणि तुम्ही मला आठ एमबीवरून बोलताय! यावर ते थोडे गप्प व्हायचे, मग म्हणायचे, “पण त्यांच्याकडं कारण होतं. तुमच्याकडं काय कारण आहे?”

खरं सांगायचं तर कारण आहे, फक्त ते सांगण्यासारखं नाही. तारीख निवडायच्या एका डब्यासाठी आपण कुणाची तरी तयार लायब्ररी आणतो, तिला आणखी वीस लागतात, त्या वीसांना आणखी. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरनं रागावून आपली अकरा ओळींची ‘लेफ्ट-पॅड’ नावाची लायब्ररी इंटरनेटवरून काढून घेतली होती. ती शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायची, बाकी काही नाही. तेवढ्यानं जगभरातल्या कितीतरी प्रोजेक्टांचं बांधकाम अडलं. सर ही गोष्ट महिन्यातून एकदा तरी सांगत. तसंच अजाइलचं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत उटाहच्या बर्फात सतरा जण जमले आणि त्यांनी लिहून ठेवलं की प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं महत्त्वाचं. सरांच्या मते त्या कागदाचं पुढे जे झालं त्याचं नाव जिरा. आमच्याकडे दोन माणसं आता तिकिटातूनच बोलतात.

ही सगळी चिडचिड मला पटायची असं नाही. म्हाताऱ्या होत चाललेल्या कारागिराला नवी हत्यारं नकोशी वाटतात, त्यातलाच हा प्रकार, असं मला बरेचदा वाटायचं. एक गोष्ट मात्र वेगळी होती. ती तिकीट क्रमांकासह माझ्या लक्षात आहे, पण क्रमांक इथे देत नाही.

आमच्या फॉर्ममध्ये काही बिघडलं की स्क्रीनवर एकच वाक्य यायचं. ‘समथिंग वेंट राँग. प्लीज ट्राय अगेन.’ सरांचं म्हणणं होतं की हे वाक्य काढा. काय बिघडलं ते सांगा, आणि मराठीत सांगा. तिकिटाला सगळ्यात खालची प्रायॉरिटी मिळाली. सर दर प्लॅनिंगला ते वर काढायचे, प्रॉडक्टवाले दर वेळी खाली ढकलायचे. असं चौदा महिने चाललं.

पुण्यातल्या ऑफिसात बसून हा हट्टीपणा वाटतो. माझ्या ओसरीवर बसून वाटत नाही. गावात ‘कॉम्प्युटरवाली पोरगी’ म्हणून माझ्याकडे लोक फोन घेऊन येतात. एकदा शेजारच्या पोडावरची एक कोलाम आजी आली. पेरणीच्या तोंडावर बचत गटातल्या बायकांबरोबर तिनं छोटं कर्ज मागितलं होतं. तिच्या नातवाच्या फोनवर फॉर्म अडकलेला. लोगो दुसऱ्याच कंपनीचा होता, पण फिरणारं ते निळं चक्र मी ओळखलं. फॉर्म आमचा होता.

आजी म्हणाली, “पोरी, हे काय म्हणते वं? म्याच काही चुकवलं काय?”

मी लॅपटॉपवर लॉग काढून बघू शकत होते, आजीला ते शक्य नव्हतं. त्या एका वाक्याखाली किमान चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली, बोटाचा ठसा जुळला नाही. वर्षानुवर्षं कापूस वेचला की बोंडाच्या सुकलेल्या टोकदार पाकळ्यांनी बोटं ओरखडतात, रेषा झिजतात. दुसरी, ओटीपी आला, पण रेंजसाठी टाकीपर्यंत चालत जाईस्तोवर त्याची मुदत संपली. तिसरी, पलीकडचा सर्व्हर उत्तरच देत नव्हता, म्हणजे आजीनं दहा वेळा प्रयत्न केला तरी व्हायचं नव्हतं. चौथी, आणि आमच्या भागात सगळ्यात जास्त घडणारी: नावाचं स्पेलिंग. आत्राम आधारवर दोन ‘ए’ लावून लिहिलेलं, बँकेत एकच. या चारही गोष्टींवर उपाय वेगवेगळे आहेत. ठसा नसेल तर चेहरा, ओटीपी असेल तर पुन्हा मागवा, सर्व्हर बंद असेल तर घरी जा आणि उद्या या, नाव जुळत नसेल तर बँकेत जा. फॉर्म चौघांनाही सांगतो, पुन्हा प्रयत्न करा.

सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आठ एमबीचा विषय काढला नाही. म्हणाले, “बिघाड आपला आणि अपराधी वाटतंय तिला.”

मग त्यांनी जिस्ट कार्डाची गोष्ट सांगितली. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झाली. ती उभी करणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. १९९१चा परम ८००० हा महासंगणक सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच संस्थेनं आयआयटी कानपूरमध्ये रुजलेलं एक तंत्र पुढे वाढवलं होतं, ते म्हणजे जिस्ट. डॉसच्या काळातल्या कॉम्प्युटरमध्ये एक कार्ड बसवायचं, की पडद्यावर देवनागरी दिसायला लागायची. ६४० केबी मेमरीचे दिवस ते. तेव्हा मराठी दिसावी म्हणून लोकांनी वेगळं हार्डवेअर बनवलं. आज नातवाच्या फोनमध्ये चार जीबी रॅम आहे, युनिकोड आहे, आणि वाक्य इंग्रजीत आहे, कारण भाषांतराचा कॉलम कुणी भरला नाही.

(आजीची घरची भाषा मराठीही नाही, कोलामी आहे. गोंडी, कोलामी दोन्ही आठव्या अनुसूचीत नाहीत, त्यामुळे फॉर्मच्या भाषायादीत त्या यायचा प्रश्नच येत नाही. सर मराठीसाठी भांडत होते. त्याच्या पुढचं भांडण अजून कुणी सुरूच केलेलं नाही.)

जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे दोन टक्के, म्हणजे १२,२६१ लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यात भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता. ‘नाइट्स’ ही पुण्यातली आयटी कर्मचाऱ्यांची संघटना केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे गेली. आमची कंपनी छोटी, तिची बातमी होत नाही. पण मोठ्या घरात जे होतं ते छोट्या घरात दोन महिन्यांनी होतंच. सप्टेंबरच्या एका गुरुवारी सरांचं नाव चॅटमध्ये राखाडी झालं.

त्यांचं पद ‘सीनिअर मॅनेजर’ होतं. हाताखाली एकही माणूस नव्हता, दिवसभर कोडच लिहायचे. पगार वाढवायला दुसरी पायरी नव्हती म्हणून ते पद दिलेलं. पण औद्योगिक विवादाच्या १९४७च्या कायद्यात कामगाराच्या व्याख्येतून व्यवस्थापकीय काम करणारे वगळलेले होते. त्यामुळे सव्वीस वर्षं कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाला आधी हे सिद्ध करावं लागणार की तो कामगार आहे. सरांनी ते केलं नाही. राजीनाम्याच्या कागदावर सही केली. कारण म्हणून त्यांना एआय सांगितलं गेलं. आमच्याकडे एआयनं लिहिलेल्या ओळी मोजल्या जातात, आणि त्या सर तपासायचे. आता मी तपासते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते तिकीट आपोआप बंद झालं. बॉटनं खाली लिहिलं होतं की बरेच दिवस हालचाल नाही.

दिवाळीत सर वणीला आले होते. त्याच आठवड्यात बाबांचा पहिल्या वेचणीचा कापूस जिनिंगला न्यायचा होता. २०२५-२६च्या हंगामात हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये होता. ऑगस्टमध्ये केंद्रानं आयात कापसावरचं अकरा टक्के शुल्क उठवलं, आणि खाजगी भाव हमीभावाच्या खाली राहिला. सीसीआयला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी हवी. त्या नोंदणीची मुदत सरकारला वाढवावी लागली. शिवाय बारा टक्क्यांवर ओलावा चालत नाही, आणि पाऊस तर उघडायचं नाव घेत नव्हता. बाबांनी थोडा माल खाजगीत द्यायचं ठरवलं. सर म्हणाले, मीही येतो.

जिनिंगच्या काट्यावर एक जुना कॉम्प्युटर होता. पडदा जाड, धूळ आणि रुई चिकटलेली. त्यावरचं वजनाचं सॉफ्टवेअर २००४ सालचं, व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेलं. गाडी चढली की भरलेलं वजन, उतरली की रिकामं वजन, वजाबाकी, आणि बाजूच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर करकरत पावती. इंटरनेट नाही, अपडेट नाही. वीस वर्षं तेच. सरांचा चेहरा देवळात आल्यासारखा झाला. “बघ,” ते मला म्हणाले, “बटन दाबलं की पावती. मधी काही नाही.”

बाबा शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, “साहेब, याच्यात मांगून आकडा बदलवता येते काय?”

काटेवाला चहाला गेला होता. सरांनी वाकून पडद्याकडे पाहिलं, फाइलचं नाव वाचलं. पासवर्ड नसलेला साधा डेटाबेस.

“येतो,” ते म्हणाले.

त्या गाडीच्या वजनात काही खोट होती असं मी म्हणत नाही. पण बाबांनी तीस वर्षं अशाच काट्यांपुढे उभं राहून पावत्या घेतल्या आहेत, आणि ‘काटा मारणं’ हा शब्द काही कॉम्प्युटर आल्यामुळे जन्मलेला नाही. जे सॉफ्टवेअर सरांना सुंदर दिसत होतं, त्यात बाबांना बघायला जागाच नव्हती. ॲपमध्ये निदान फोनवर मेसेज येतो, त्यात आकडा असतो, तो दाखवून भांडता येतं. परतीच्या रस्त्यावर मी हे सरांना म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही. मुकुटबन येईपर्यंत ते बोलले नाहीत, मग म्हणाले, “म्हणजे आमचंही कुणी तपासलं नाही कधी.” आणि लगेच बाबांना विचारलं, पऱ्हाटी किती एकर आहे.

सध्या ते मुलाखती देतात. परवा पंचविशीच्या एका मुलानं त्यांना बायनरी ट्री उलटं करायला लावलं. त्यांनी केलं. पुढे काही उत्तर आलेलं नाही. मुलीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आहे, घराचे हप्ते आहेत. हे ते सांगत नाहीत, मला माहीत आहे.

मी ते तिकीट पुन्हा उघडलं. या वेळी चार कारणांची चार मराठी वाक्यं स्वतःच लिहून जोडली. प्रॉडक्टवाल्यांचा प्रश्न आला, किती युजर्सना हा त्रास होतो? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर डॅशबोर्डवर नाही. तिथे आजीची नोंद ‘ड्रॉप-ऑफ’ अशी आहे, म्हणजे ती स्वतःच्या मर्जीनं निघून गेली.

म्हणून ओसरीवर एक वही ठेवली आहे. फोन घेऊन जो येईल त्याची तारीख, पोड किंवा गाव, आणि चारपैकी कोणतं कारण. नाव लिहीत नाही. दिवाळीपासून एकोणचाळीस नोंदी झाल्या, त्यातल्या बावीस स्पेलिंगच्या. सोमवारी प्लॅनिंग आहे. वहीचे फोटो सरांना पाठवले, तर त्यांचा लगेच मेसेज आला: “फोटो किती एमबीचे आहेत बघितलंस का?”