लाकूडतोड्या आणि कटर

प्रामाणिक लाकूडतोड्याची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली असते. नदीत पडलेली कुऱ्हाड, जलदेवतेने वर काढलेली सोन्याची, मग चांदीची, आणि त्या दोन्ही नाकारून लाकूडतोड्याने मागून घेतलेली आपली लोखंडाची. तात्पर्य अर्थातच प्रामाणिकपणाचे. 2020च्या जूनअखेरीस एका दुकानाच्या फळीपाशी खऱ्याखुऱ्या लाकूडतोड्याबरोबर उभे असताना आम्हांला या गोष्टीत आणखी एक अर्थ दिसला. सोन्याच्या कुऱ्हाडीने लाकूड तुटत नाही, एवढी साधी गोष्ट त्या माणसाला ठाऊक असणार.

त्या वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि आमच्या दापोली तालुक्यातल्या माडा-पोफळींच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. आमच्या परसातला आंबाही मुळांसकट उपटून गडग्यावर कलंडला. तो तोडायचे काम तात्यांचे. तात्या तेव्हा सत्तरीला टेकलेले. हत्यारे तीन: कुऱ्हाड, कोयता आणि दोघांनी ओढायची लांब करवत. करवतीच्या दुसऱ्या टोकाचा जोडीदार दोन वर्षांपूर्वी वारला होता. पडलेली झाडे गावोगाव पसरलेली, लोक दारी येऊन बोलावत होते, आणि करवत ओढायला दुसरे माणूस नव्हते. म्हणून त्यांनी ‘कटर’ घ्यायचे ठरवले. चेनसॉ हा शब्द आमच्याकडे कोणी वापरत नाही. पेट्रोलवर चालणारी, साखळीच्या दातांनी लाकूड कापणारी ती करवत म्हणजे कटर. वीज तर कित्येक दिवस नव्हतीच, त्यामुळे विजेवरच्या यंत्राचा प्रश्नच उद्भवला नाही.

आम्ही उभयता मराठीचे अध्यापक. कटरविषयी आमचे ज्ञान शून्य. तरी तात्यांनी आम्हांला बरोबर नेले, कारण पुस्तिका इंग्रजीत असते. दुकानदार बावीस इंची पात्याचे मोठे यंत्र पुढे करीत होता, आणि किमतीत फारसा फरक नाही हे पाहून आम्हीही त्याला दुजोरा देत होतो. तात्यांनी ते यंत्र उचलले, कमरेच्या उंचीवर दोन्ही हातांनी धरले आणि नुसते उभे राहिले. बराच वेळ. मग खाली ठेवून सोळा इंची उचलले आणि तसेच उभे राहिले. “सकाळी दोन्ही उचलतील हो,” ते म्हणाले, “संध्याकाळी हे एकच उचलेल.” पाते लहान असले तरी जाड बुंधा दोन्ही बाजूंनी कापता येतो, हे त्यांनी आम्हांला वाटेत समजावले. दिवसाच्या शेवटच्या तासाला आपल्या खांद्यात किती बळ उरते, याचा इतका नेमका हिशेब आमच्यापाशी कधीच नव्हता.

घरी येऊन आम्ही पुस्तिकेचे मराठी केले. हाताने लिहिलेली चार पाने. एक लिटर पेट्रोलला वीस मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल, चेनचे तेल निराळ्या टाकीत, दातांना गोल कानस, सुरू करताना यंत्र जमिनीवर ठेवून मागच्या मुठीत पाय रोवायचा आणि मगच दोरी ओढायची. ‘किकबॅक’ या शब्दापाशी आम्ही अडखळलो. फिरत्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला, तर यंत्र डोळ्याचे पाते लवायच्या आत उलटून माणसाच्या तोंडाकडे येते. बराच खल करून आम्ही ‘प्रत्याघात’ असे लिहिले. शब्द आम्हांला आवडलाही. पाने मोठ्याने वाचून दाखवली. “प्रत्याघातापासून सावध राहावे.” तात्या म्हणाले, “होय सर.” कळले का, असे विचारल्यावर म्हणाले, “होय बाई.”

आमचा आंबा तोडायला ते आले, तेव्हा त्यांचे काम आम्ही पायरीवर बसून पाहिले. वादळाने पाडलेले झाड उभ्या झाडाहून कपटी. वाकलेल्या फांदीत ताण भरलेला असतो, आणि बुंधा कापला की उपटलेले मूळ पुन्हा खड्ड्यात बसायला धावते. हे सगळे त्यांना यंत्राच्या आधीपासून ठाऊक होते. अडचण निराळीच होती. कुऱ्हाडीच्या दोन घावांमध्ये झाड करकरते आणि त्यावरून त्यांना पुढचे कळते. यंत्राच्या आवाजात ते ऐकू येईना. मग ते थोडे कापत, यंत्र बंद करीत, कानावरचे झाकण काढून ऐकत, फटीत पाचर ठोकत आणि पुन्हा दोरी ओढत. दुखऱ्या खांद्याने दर वेळी दोरी ओढणे सोपे नव्हते. दुसऱ्या कटरवाल्याने तेवढ्यात दोन झाडे संपवली असती.

दुपारी फांद्या छाटताना पात्याचे टोक पानांआड दडलेल्या एका फांदीला लागले. यंत्र वर उडाले. तात्यांचे डावे मनगट मुठीपुढच्या दांड्यावर आदळले, ब्रेक लागला आणि चेन थांबली. ती त्यांच्या कपाळापासून वीतभर लांब होती. आम्ही धावत गेलो. त्यांनी यंत्र खाली ठेवले आणि बुंध्यावर बसून पाणी मागितले.

“मशिनीनं उसळी मारलीन,” थोड्या वेळाने ते म्हणाले. मग आमच्याकडे बघून, “बाई, तुमचा तो प्रत्याघात म्हणजे हेच काय?”

आम्हांला उत्तर देववेना. हा शब्द त्यांच्यापाशी होता, आमच्यापाशीही होता. माशाची उसळी, लाटेची उसळी आम्ही वर्गात शिकवत आलो आहोत. पण पुस्तिका छापील आणि विषय तांत्रिक म्हटल्यावर आमचा हात आपसूक भारदस्त शब्दाकडे गेला होता. आणि शिकलेल्या माणसांना पुन्हा कसे विचारावे, या संकोचाने तात्या होय म्हणाले होते. आमची प्रतिष्ठा आणि त्यांचा आदर यांच्यामधून ती चेन गेली होती.

काम त्या दिवशी पुढे झाले नाही. संध्याकाळी तात्यांनी पिशवीतून ती चार पाने काढली. “पहिल्यापासून वाचा. नाय कळलं तिथं मी थांबवीन.”

त्यांनी आम्हांला अकरा ठिकाणी थांबवले.