आईंनी पंखा बंद करायला सांगितला

मे महिन्यात कोचीला निघालोय म्हटल्यावर ऑफिसातल्या प्रत्येकाने भुवया वर करून एकच विचारलं, "मे महिन्यात?" पण लेकीची परीक्षा एप्रिलअखेरीस संपणार, नवऱ्याला रजा मेमध्येच मिळणार, आणि सासूबाईंना सत्तरी ओलांडल्यावर अचानक कोचीन बघायची इच्छा झालेली. आई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लहानपणी बंदरावर मुंबईची बोट लागायची, तेव्हा खलाशांच्या तोंडून हे नाव त्यांच्या कानावर पडायचं, एवढाच काय तो संबंध. ठाण्याहून नेत्रावतीची चार तिकिटं कन्फर्म मिळाली आणि राहायचं कुठे हा प्रश्न माझ्या गळ्यात पडला. आमच्याकडे तशी वाटणीच आहे. गाडीचं यांनी बघायचं, हॉटेलचं मी. गाडी चार तास लेट झाली तर तो रेल्वेचा दोष, आणि हॉटेल वाईट निघालं तर ते कुणी निवडलं होतं हे सगळ्यांना बरोबर आठवतं.

"हॉटेल बघतेय" असं मी म्हटलं की आई पहिले दोन दिवस गोंधळायच्या. त्यांच्या हिशेबी हॉटेलात जेवायचं आणि लॉजात निजायचं. "आत्तापासून जेवणाचा काय बघतंस गो?"

नकाशा उघडला तेव्हा कळलं की कोची म्हणजे एक गाव नव्हेच. मध्ये पाणी आणि चहूकडे तुकडे. पूर्वेला एर्नाकुलम, म्हणजे स्टेशन, साड्यांची दुकानं, मरीन ड्राइव्ह. पश्चिमेला समुद्राच्या तोंडाशी फोर्ट कोची आणि त्याला चिकटून मट्टनचेरी. समोर वायपीन. आणि या सगळ्यांच्या मधोमध विलिंग्डन बेट, जे मुळात बेट नव्हतंच. बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता, त्यामुळे मोठ्या बोटी बाहेरच नांगर टाकून उभ्या राहायच्या आणि माल लहान होड्यांतून आत यायचा. 1920 साली रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज इंजिनिअर इथे आला, त्याने तो दांडा खणून काढला आणि निघालेल्या गाळाची भर घालून बेट उभं केलं. 1928च्या मे महिन्यात 'पद्मा' नावाची आगबोट पहिल्यांदा आतल्या बंदरात शिरली. म्हणजे मे महिन्यात कोचीला जाणारे आम्हीच पहिले नव्हतो, हे मी ऑफिसात सांगूनही पाहिलं. त्या बेटाच्या टोकाला एक जुनं, नामांकित हॉटेल आहे. त्याचे दर बघून मी पान खाली सरकवलं.

आमच्या ऑफिसात एक मल्याळी सहकारी आहे. तिने मला हॉटेलचं नाव एकही सुचवलं नाही. एवढंच म्हणाली, "फोन करून तीन गोष्टी विचार. खिडक्यांना जाळी आहे का, लाइट गेली तर काय चालतं, आणि जिना किती पायऱ्यांचा आहे." मी मान डोलावली आणि यातलं एकही न विचारता एर्नाकुलममध्ये पाण्याकाठी, सातव्या मजल्यावरची, 'हार्बर व्ह्यू' असलेली खोली दोन रात्रींसाठी बुक करून टाकली. फोटोच तसा होता. पांढरा पडदा, त्यामागे काच, काचेमागे निळंशार पाणी आणि त्यात एक तांबडी बोट. पैसे परत न मिळण्याच्या अटीवर चारशे रुपये कमी होत होते. तेही मी वाचवले.

खोलीत शिरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पडदा बाजूला केला. पाणी होतं, नाही असं नाही. समोरच्या इमारतीची टाकी आणि आमच्याच हॉटेलच्या पाटीची पाठ, यांच्यामधल्या फटीत ते दिसत होतं. तांबडी बोट बहुधा फोटोग्राफर आला त्याच दिवसापुरती होती. त्याचंही एक वेळ चाललं असतं, पण एर्नाकुलमचा हा सगळा किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलेला आहे. बंदर दिसायचं तर खिडकी पश्चिमेला हवी, आणि पश्चिमेची खिडकी म्हणजे मे महिन्यात दोनपासून मावळेपर्यंत ऊन थेट अंथरुणावर. व्ह्यूसाठी जादा पैसे मोजलेली माणसं दिवसभर तोच व्ह्यू जाड पडद्याआड कोंडून बसतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. एसी घरघरत होता, पण काच हाताला तव्यासारखी लागत होती.

आईंनी खिडकी उघडायला सांगितली. ती उघडणारी नव्हतीच. एक सबंध काच, चहूबाजूंनी रबराने बंद केलेली. त्यांनी बोटाने कडेकडेने चाचपून पाहिलं, कडी कुठे सापडते का म्हणून. मग पलंगावर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "समुद्र आमच्या दारात होतो. तो बघूक कोणी पैशे मागले नाय."

यांनी काहीच म्हटलं नाही. त्यांचं काहीच न म्हणणं मला चांगलं ओळखता येतं.

संध्याकाळी खाली जेवायला गेलो तर पेल्यात गुलाबी, गरम पाणी आलं. लेकीला वाटलं सरबत, आईंना वाटलं पेला नीट विसळला नाही. तो पतिमुगम नावाच्या लाकडाचा रंग, पाणी उकळताना त्यात टाकतात. आईंनी तीन पेले प्यायले आणि त्या दिवसातली ही एकच गोष्ट त्यांना पसंत पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोर्ट कोचीला जायला निघालो ते फक्त बघायला. वॉटर मेट्रोची बोट वातानुकूलित, काचबंद आणि अगदी चकचकीत. पण आईंना काचेचा धसका बसलेला, म्हणून सरकारी जेट्टीवरून साधी बोट धरली. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, तिकीट दहा रुपयांच्याही आत. बोट सुटली, वारा आत आला आणि आईंनी डोक्यावरचा पदर सोडून दिला. डाव्या हाताला विलिंग्डन बेटाच्या गोद्या, उजव्या हाताला वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या उंच क्रेन्स, मध्येच पाण्याखालून काळी पाठ वर काढून पुन्हा बुडी मारणारा डॉल्फिन. जो हार्बर व्ह्यू मी एका रात्रीसाठी तीन हजार चारशेला घेतला होता तो इथे, चारी दिशांनी, चहाच्या कपाहून स्वस्त मिळत होता. हा हिशेब यांनी मोठ्याने केला. मी डॉल्फिनकडे बघत राहिले.

फोर्ट कोचीत ऊन होतंच, पण शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारेही होते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे. मासे धरायच्या चिनी जाळ्यांपाशी उभं राहिलं तर घाम येतो आणि लगेच वाळतो. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये गेलो. वास्को द गामा 1524 साली कोचीतच वारला, त्याला आधी इथेच पुरलं होतं, पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. लोक त्याच्या थडग्याच्या दगडाभोवती फोटो काढत होते. आई मात्र मान वर करून आढ्याकडे बघत होत्या. तिथे बाकांवर टांगलेले लांबच लांब कापडी पंखे आहेत, दोऱ्या भिंतीतून बाहेर गेलेल्या. बाहेर बसून माणसं त्या ओढायची आणि आत प्रार्थना गार वाऱ्यात व्हायची. "म्हणजे वारो कसो खेळवूचो तां ह्यांका ठावक होता," आई म्हणाल्या, आणि बाहेर आल्यावर फर्मान निघालं: आजची रात्र इकडेच.

दुसऱ्या रात्रीचे पैसे परत मिळणार नव्हते. एर्नाकुलमच्या काउंटरवर फोन करून मी विनवून पाहिलं. पलीकडचा मुलगा फार गोड बोलला आणि एक रुपया सोडला नाही. त्याच्या जागी मीही सोडला नसता.

मग भर अकराच्या उन्हात चौघांचं घर-बघणं सुरू झालं. फोर्ट कोचीत गल्लोगल्ली होमस्टे आहेत, जुन्या घरांच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या. मे म्हणजे मंदी, त्यामुळे सगळीकडे जागा होती आणि मालक दारातच भेटत होते. पहिलं घर फोटोला फार सुंदर, पण जिना लाकडी आणि शिडीसारखा उभा. आईंनी तिसऱ्या पायरीवर गुडघ्याला हात लावला आणि माघारी फिरल्या. दुसरं तळमजल्यावर होतं. आत पाऊल टाकताच ओलीचा वास, मागच्या बाजूला उघडं गटार, आणि भर दुपारी डास. कोचीच्या डासांबद्दल त्या मल्याळी सहकारिणीने मला सांगायला हवं होतं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं, सांगितलं होतं.

तिसरं घर चर्चच्या मागे दोन गल्ल्या सोडून. कौलारू, पुढे पडवी, अंगणात फणस. मालकीणबाई साठीच्या, इंग्रजीत आणि खुणांत बोलणाऱ्या. समुद्र दिसत नाही, हे त्यांनी आपणहूनच सांगून टाकलं. मी कपाट उघडून बघायला लागले, हे वायफायचं विचारत होते, लेक नळाखाली हात धरून पाण्याचा जोर बघत होती. आई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"पंखो बंद कर गो."

मालकीणबाई बिचकल्या. मी बटण खाली केलं. पाती थांबेपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग आईंनी पदराचं टोक दोन बोटांत धरून समोर सोडलं आणि बघत राहिल्या. टोक हललं. आधी जरासं, मग नीट. पश्चिमेच्या खिडकीतून येऊन वारा मागच्या दाराने अंगणात जात होता. त्यांनी खिडकीच्या जाळीवरून तळहात फिरवला, एका कोपऱ्यात बोट शिरेल एवढं भोक सापडलं, ते मालकीणबाईंना दाखवलं. उशी उचलून हुंगली. न्हाणीघरात जाऊन जमिनीचा उतार कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं. मग पलंगाच्या कडेवर बसून पाय जमिनीला टेकतात का ते बघितलं. टेकत होते.

"हयसर रवूया."

भाडं दोन हजार, सकाळची न्याहारी धरून. जाळीच्या भोकावर मालकीणबाईंच्या मुलाने तासाभरात चिकटपट्टी आणून लावली.

हे सामान आणायला एकटेच एर्नाकुलमला गेले, जाताना बोटीने आणि येताना टॅक्सीने. टॅक्सीचं बिल त्यांनी खिशात जपून ठेवलं. ते अजून आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली आहे.

पुढचे चार दिवस आमचा एक क्रम बसला. दुपारी बारा ते चार पडवीत आडवं व्हायचं, आणि जे काय बघायचं ते त्याआधी किंवा त्यानंतर. मट्टनचेरीला चेरलाई भागात तिरुमला देवस्वमच्या देवळात गेलो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून निघालेले गौड सारस्वत इथे आले, आणि घरात अजून कोकणी बोलतात. देवळाबाहेर फुलांची परडी घेतलेल्या एका बाईंना आईंनी मालवणीत विचारलं, "तुमचां गाव खंय?" त्या बाईंनी त्यांच्या कोकणीत सांगितलं की हेच. दोघींची भाषा निम्मी जुळत होती, निम्मी नव्हती, पण सोलांच्या कढीवर गाडी आली आणि अर्धा तास हलली नाही. आम्ही तिघं सावलीत उभे.

तिसऱ्या रात्री वळवाचा पाऊस आला. आठच्या सुमारास ढग गडगडले, लाइट गेली, आणि इन्व्हर्टरवर पंखा तेवढा फिरत राहिला. एसी चालू असलेल्या हॉटेलांचे जनरेटर लांब कुठेतरी घुरघुरायला लागले. आम्ही पडवीत बसलो. कौलांवरून पाणी धारेने पडत होतं, मातीचा वास उठला होता, आणि त्या सगळ्या आवाजातून एकदम बोटीचा भोंगा आला. एक लांब. फोर्ट कोची आणि वायपीन यांच्यामधली वाट अरुंद, मोठी जहाजं जाळ्यांना खेटून गेल्यासारखी जातात, त्यामुळे दोन गल्ल्या मागे असूनही तो आवाज छातीत घुमला. लेक छत्री घेऊन धावली. चार मिनिटांचा रस्ता. भिजून परत आली आणि म्हणाली, चार मजली इमारत चालत जावी तसं काहीतरी दिवे लावून समुद्राकडे गेलं.

आई उठल्या नाहीत. भोंगा आत येणाऱ्या बोटीचा की बाहेर जाणाऱ्या, एवढंच त्यांनी विचारलं. वेंगुर्ल्याला म्हणे आवाजावरून कळायचं. मला त्यावर काही विश्वास नाही, पण "बाहेर जाणारीचो," असं लेक परत यायच्या आधीच त्या म्हणाल्या होत्या.

निघायच्या सकाळी मालकीणबाईंनी अप्पम आणि स्ट्यू जरा जास्तच वाढला. आईंनी त्यांना पुन्हा येण्याचं कबूल केलं, आणि मला दुभाषी करून विचारलं की डास कमी कधी असतात, त्या महिन्यात येऊ. मालकीणबाईंनी बोटांवर मोजलं. डिसेंबर, जानेवारी. मग कॅलेंडरकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, तेव्हा खोली शिल्लक नसते, आणि असली तर दोन हजारांत नसते.

मी भाषांतर केलं. आईंनी जरा विचार केला.

"मगे मेतच येव," त्या म्हणाल्या. "पण तेका सांग, त्या कोपऱ्यातली जाळी बदलून ठेव म्हणान."