“काकू, या वयात?”

ताईला लुबाडणाऱ्या माणसाचा राग आता ओसरलाय. पोलीस ठाण्यात तक्रार घ्यायला बसलेल्या साहेबांचा मात्र अजून येतो.

भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला. ताईनं विवाहजुळणीच्या साइटवर नाव घातलं ते आम्हां सगळ्यांना सांगूनच. तिथे भेटला लंडनचा सर्जन, विधुर, आजोळ म्हणे कोल्हापूरचं. लगेच साइट सोडून व्हॉट्सअ‍ॅपवर आला. बीपीची गोळी घेतलीस का, हे रोज विचारायचा. व्हिडिओ कॉल मात्र एकदाही नाही. मग वाढदिवसाचं पार्सल: दागिने, फोन, पाकिटात पौंड. पाठोपाठ दिल्ली विमानतळावरच्या ‘कस्टम्स’मधून एका बाईंचा फोन. पस्तीस हजार भरा. भरले. मग परकीय चलन सापडलंय, नव्वद हजार भरा, नाहीतर अटक. तेही भरले. दोन्ही वेळा खातं कुणातरी खासगी माणसाचं. सरकारचा कर असा कुणाच्या बचत खात्यात जात नाही. कस्टम्सच्या पत्रावर २०१९ पासून डीआयएन क्रमांक असतो, तो खरा की खोटा हे ऑनलाइन तपासता येतं.

तिसरी मागणी आली तेव्हा ताईलाच संशय आला. त्याच संध्याकाळी आम्ही ठाण्यात गेलो. तिनं शाळेच्या वहीत तारखा, रकमा, व्यवहारांचे यूटीआर नंबर शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात लिहून नेले होते. साहेबांनी वही उघडलीही नाही. ताईचा फोन घेतला, चॅट वर सरकवत गेले आणि त्यातलं एक ‘डिअर’ शेजारच्या हवालदाराला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग म्हणाले, “काकू, या वयात लग्न कशाला हवंय?” बाकावर आणखी माणसं बसली होती. तीस वर्षं वर्ग गाजवलेली माझी बहीण पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. वर आणखी, “खातं परराज्यातलं. आमच्या हद्दीत येत नाही. उद्या या.”

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, दखलपात्र असेल तर पोलिसांना नोंदवावाच लागतो. मी तसं म्हटलंही. ते चहा प्यायला उठले.

व्हरांड्यातूनच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावली. पलीकडच्या मुलीनं ‘कशाला’ असं एकदाही विचारलं नाही, फक्त यूटीआर नंबर मागितले. नव्वदमधले चाळीस हजार पुढे सरकायच्या आत गोठले. उद्यापर्यंत थांबलो असतो तर तेही गेले असते.

साइटवरचं नाव काढून टाक, असं त्या रात्री मी ताईला निक्षून सांगितलं. आज मीच म्हणते, राहू दे. लग्न करावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही.

तुमच्या आईला, आत्याला, मावशीला कुणी असं फसवलं, तर आधी १९३० लावा. तिला काय विचारायचं ते नंतर विचारा. आणि ठाण्यात तिला एकटीला पाठवू नका.