'तोपर्यंत झालेलं असेल' : इंग्रजीतला पूर्ण भविष्यकाळ शिकवताना



इंग्रजीच्या बारा काळांचा तक्ता बहुतेक शाळांच्या भिंतीवर असतो. त्यात पूर्ण भविष्यकाळ अगदी शेवटी शेवटी येतो. तिथवर पोचेपर्यंत वर्ष संपत आलेलं असतं, मग फळ्यावर सूत्र लिहायचं, पाच वाक्यांचे काळ बदलून घ्यायचे, की धडा उरकला. मुलं सूत्र पाठ करतात, पेपरात मार्कही मिळवतात. पण स्वतःच्या मनातलं एक वाक्य या काळात सांग म्हटलं की गप्प बसतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. माझा अनुभव असा, की हा काळ मुलांना नवा नसतोच. तो त्यांच्या तोंडात मराठीतून आधीच असतो. 'तू येईपर्यंत माझं जेवण झालेलं असेल' हे वाक्य पहिलीतलं पोरही बोलतं. म्हणून सुरुवात सूत्रापासून न करता 'तोपर्यंत'पासून करायची.

वर्गात जमिनीवर खडूने एक लांब रेघ ओढा. एका टोकाला खडा ठेवा, तो म्हणजे 'आत्ता'. दुसऱ्या टोकाला दुसरा खडा, तो म्हणजे 'संध्याकाळचे सात'. आता मुलांना विचारा, सात वाजता तुमच्या घरी काय काय करून झालेलं असेल? उत्तरं धडाधड येतात. 'म्हशीची धार काढून झालेली असेल', 'माझा अभ्यास झालेला असेल', 'आजीचं देवापुढे दिवा लावून झालेलं असेल'. प्रत्येक कामाचा एक खडा सातच्या अलीकडे ठेवायचा. पूर्ण भविष्यकाळ म्हणजे एवढंच : भविष्यातल्या एका ठरलेल्या वेळेवर उभं राहायचं आणि मागे वळून पाहायचं. काम त्या वेळेच्या आधी संपलेलं दिसतं.

हे समजलं, की मगच सूत्र द्यावं. कर्ता, मग विल हॅव, मग क्रियापदाचं तिसरं रूप. 'आय विल हॅव फिनिश्ड माय होमवर्क बाय सेव्हन.' इथे मुलांना एक आनंदाची गोष्ट जरूर सांगा. मराठीत आपण 'गेलेला असेल, गेलेली असेल, गेलेले असतील' असं लिंग-वचन सांभाळत बसतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'विल हॅव गॉन'. 'शी' आला म्हणून 'विल हॅज' होत नाही, कारण 'विल'नंतर क्रियापद मूळ रूपातच राहतं. तिसरी रूपं मात्र पाठ हवीतच : गॉन, ईटन, रिटन, टेकन. 'रेड'चं स्पेलिंग पहिल्या रूपासारखंच, उच्चार वेगळा, हेही दाखवून द्यावं.

'हॅव' दिसला की पूर्ण काळ, असंही मुलं धरून चालतात. 'आय विल हॅव टी' म्हणजे मी चहा घेईन. इथे पुढे तिसरं रूप नाही, म्हणून हा साधा भविष्यकाळ.

आता जिथे मराठी मुलं हमखास अडतात त्या दोन जागा.

पहिली जागा 'पर्यंत'ची. आपला हा एक शब्द इंग्रजीतल्या दोन शब्दांचं काम करतो. 'मी पाचपर्यंत शेतात काम करेन' म्हणजे काम पाचला थांबेल, तोवर चालूच राहील. तिथे 'टिल' किंवा 'अंटिल'. 'मी पाचपर्यंत काम संपवलेलं असेल' म्हणजे पाचच्या आत कधीही संपेल. तिथे 'बाय'. मराठीत हा फरक क्रियापद दाखवतं, इंग्रजीत शब्दच बदलतो. जमिनीवरच्या रेघेवर 'टिल'साठी आत्तापासून पाचपर्यंत सुतळी अंथरा, 'बाय'साठी पाचच्या अलीकडे एकच खडा ठेवा. समजावून सांगायला फारसं काही उरत नाही.

दुसरी जागा 'बाय द टाइम'ची. 'एसटी येईल तोपर्यंत आपण फाट्यावर पोचलेलो असू' हे वाक्य मूल इंग्रजीत नेतं तेव्हा 'येईल' पाहून 'बाय द टाइम द बस विल कम' लिहितं. इंग्रजीला तिथे साधा वर्तमानकाळ लागतो : 'बाय द टाइम द बस कम्स, वी विल हॅव रीच्ड द स्टॉप.' यावर सोपा उपाय म्हणजे मराठी वाक्यच आधी 'एसटी येईपर्यंत' असं करून घ्यायचं. 'येईल' गेलं की 'विल'ही आपोआप गळतं.

आणि एक विनंती. 'आय विल फिनिश इट बाय फाइव्ह' असं मुलाने लिहिलं तर लाल पेनाने फुली मारू नका. ते वाक्य बरोबरच आहे, बोलण्यात तेच जास्त येतं. काम मी पाचच्या आत करेन, असा तिथे शब्द दिलेला आहे. 'विल हॅव फिनिश्ड'मध्ये पाच वाजता काय चित्र असेल ते सांगितलेलं आहे. हा फरक समजावा, पण बरोबर वाक्य चूक ठरवू नये.

नकार आणि प्रश्न याच वाटेने येतात. नकारात 'विल नॉट हॅव', प्रश्नात 'विल' कर्त्याच्या आधी. हे मी वर्गात एका प्रसंगातून शिकवलं. आमच्या गावातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. काही मुलं आजी-आजोबांजवळ मागे राहतात. 'पाडव्यापर्यंत काय झालेलं असेल?' असा विषय दिला होता. एका मुलीने लिहिलं, 'बाय पाडवा, माय मदर विल हॅव कम होम.' व्याकरणात खोट काढायला जागाच नव्हती. तिच्या शेजारचा मुलगा मात्र बराच वेळ पेन हातात धरून बसला, मग म्हणाला, "बाई, 'उचल फिटलेली नसेल' हे कसं लिहायचं?"

उचल म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले पैसे. ते तोडणीच्या मजुरीतून फेडायचे, नाही फिटले तर पुढच्या हंगामाला पुन्हा जावं लागतं. आम्ही फळ्यावर मिळून वाक्य केलं, 'माय फादर विल नॉट हॅव पेड बॅक द अ‍ॅडव्हान्स बाय पाडवा.' 'पे'चं तिसरं रूप 'पेड' त्यानेच सांगितलं. वर्ग शांत होता. बाराव्या-तेराव्या वर्षी हे पोर घरच्या हिशोबाची पुढची तारीख मनात धरून बसलेलं होतं आणि ते सांगायला नेमका हाच काळ लागत होता. पुस्तकातल्या कुठल्या तरी टॉमने पत्र लिहून संपवलेलं असेल, या वाक्यात त्याला काय रस असणार?

म्हणून उदाहरणं मुलांच्या घरची घ्या. कुणाची बहीण पोलीस भरतीची तयारी करत असेल, कुणाच्या घराचा स्लॅब पडायचा असेल. वाक्य खरं असलं की सूत्र आपोआप बसतं. फक्त कुणाचं वाक्य मोठ्याने वाचायचं आणि कुणाचं वहीतच राहू द्यायचं, हे आपण शिक्षकांनी ओळखायला हवं.

मोठ्या वर्गांसाठी आणखी एक. मराठीत 'असेल' अंदाजालाही चालतं. 'बाबा एव्हाना पोचले असतील.' इंग्रजीतही तसंच, 'ही विल हॅव रीच्ड बाय नाऊ.' इथे भविष्य नाही, खात्रीचा अंदाज आहे. दोन्ही भाषांत हे सारखं आहे म्हटल्यावर मुलांना फार गंमत वाटते.

पालकहो, तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी काही अडत नाही. बाजाराला निघताना मराठीतच विचारा, 'मी येईपर्यंत तुझं काय काय करून झालेलं असेल?' मूल तीन गोष्टी मराठीत सांगेल. त्यातल्या दोन त्याला इंग्रजीत वहीत लिहायला लावा. परत आल्यावर वही बघा, आणि ती कामं खरंच झाली का तेही बघा. व्याकरण आम्ही शाळेत तपासू.